राखाडीत लपलेला तपकिरी

1940 चा मे महिना. फ्रान्समध्ये घुसलेला जर्मन रणगाडा तुम्हाला प्लॅस्टिकमध्ये उभा करायचाय. रंग कोणता द्याल? मॉडेल करणाऱ्यांचं उत्तर कित्येक दशकं ठरलेलं होतं: गडद राखाडी. फोटोंत तसाच तर दिसतो!

फोटो कृष्णधवल, तिथेच मेख आहे. थॉमस जेंट्झ आणि हिलरी डॉयल यांच्यासारख्या संशोधकांनी फोटोंवर न थांबता मूळ जर्मन आदेश वाचले. त्यांत निघालं भलतंच. त्या काळी गाडीचा दोनतृतीयांश भाग राखाडी आणि उरलेला गडद तपकिरी रंगवायचा होता. दोन्ही रंग इतके काळपट, की कृष्णधवल फिल्मवर ते एकमेकांत मिसळून गेले. जुलै 1940 च्या अखेरीस तपकिरी बंद झाला. म्हणजे ढीगभर फोटो साक्षीला असताना एक अख्खा रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपून बसला होता. आता तेच फोटो पाहताना एखाद्या पत्र्यावर सावलीसारखा पट्टा दिसतो. आधी त्याला आपण धूळ म्हणायचो.

म्हणून या छंदात ‘रणगाडा कोणता’ याच्याइतकंच ‘महिना कोणता’ हेही विचारावं लागतं. फेब्रुवारी 1943 पासून मूळ रंग गडद पिवळा झाला. वर लाल-तपकिरी आणि हिरवट पट्टे सैनिकांनी स्वतः मारायचे. रंग घट्ट लगद्याच्या रूपात यायचा आणि तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायचा. मिळेल त्यात कालवलेला तो रंग दोन गाड्यांवर सारखा कसा उतरणार? अचूक छटेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी तो लगदा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

त्याच वर्षी गाड्यांवर ‘झिमरिट’चा खडबडीत लेप चढू लागला. शत्रूचे चुंबकी सुरुंग पोलादाला चिकटू नयेत, हा हेतू. गंमत अशी, की असे सुरुंग मुख्यतः जर्मनांकडेच होते! सप्टेंबर 1944 मध्ये कारखान्यांतला लेप थांबला. त्यामुळे ऑक्टोबरात नव्याने बनलेल्या पँथर रणगाड्यावर झिमरिट दाखवलं, की जाणकाराची भुवई वर जाते. मूळचा थर काही मिलिमीटरचा. मॉडेल खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाचं असतं, आणि त्या थराचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे कागदाची जाडी. मॉडेल करणारे पुट्टीचा पातळ हात देतात आणि ती ओली असतानाच बारीक करवतीच्या दात्यांनी तीत रेघा ओढतात.

पस्तिसावाच हिस्सा का? जपानच्या तामिया कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला चालता पँथर काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील, एवढा तो मोठा केला. नंतर मोजून पाहिलं, तर प्रमाण साधारण 1:35 निघालं.