बटनाचे रूप आणि बटनाचे काम

संगणकाच्या पडद्यावरचे बटन हे मुळात बटन नसतेच. ते बटनाचे चित्र असते. माऊसचा बाण त्यावर नेऊन क्लिक केले की ते किंचित दबल्यासारखे दिसते आणि काहीतरी दाबल्याचे समाधान वापरणाऱ्याला मिळते. प्रत्यक्षात दबलेले काहीच नसते. एक चित्र पुसून त्याच जागी दुसरे चित्र काढले गेलेले असते, इतकेच. मेनू, स्क्रोलबार, बरोबरची खूण करण्याचा लहानसा चौकोन, मजकूर लिहिण्याची चौकट या सर्वांची गोष्ट हीच आहे.

जे चित्र आहे ते बदलता येते. म्हणूनच एकाच कामाचे बटन एका सॉफ्टवेअरमध्ये करडे व चौकोनी दिसते, तर दुसऱ्यात निळे, गोलाकार आणि काचेसारखे चकाकणारे. हा बदल वरवरचा, निव्वळ सजावटीचा वाटतो. तथापि ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेले तयार बटन बाजूला सारून स्वतःचे बटन रेखाटताना त्या बटनासोबत आणखी काय काय बाजूला सारले जाते, याचा विचार फारसा होत नाही. त्याची किंमत मात्र वापरणाऱ्याला मोजावी लागते.

रूप वेगळे, काम वेगळे

विंडोजने दिलेले तयार बटन ही स्वतःच एक छोटी विंडो असते. पडद्याचा तो भाग नव्याने रंगवण्याची वेळ आली की ऑपरेटिंग सिस्टिम त्या विंडोला 'स्वतःला रेखाट' असा संदेश पाठवते. मग बटन आपली त्या क्षणीची अवस्था पाहून तसे चित्र काढते. अशा अवस्था किमान सहा असतात : साधी, बाण वर आल्यावरची, दाबलेली, निष्क्रिय, कीबोर्डचा रोख आपल्यावर असल्याची आणि एंटर कळ दाबताच जे चालेल अशा मुख्य बटनाची. थोडक्यात, एका बटनाला सहा चेहरे असतात.

या चेहऱ्यांमागची युक्ती साधी आहे. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये बटनांना उठावाचा आभास मिळाला. प्रकाश डावीकडून वरून येतो असे मानून वरची व डावी कड पांढरी, तर खालची व उजवी कड गडद करडी रंगवली की बटन वर उचललेले दिसते. हेच रंग उलटे केले की ते दबलेले वाटते. १९९५ च्या विंडोज ९५ ने ही पद्धत घरोघरी पोहोचवली.

रूप आणि काम यांची फारकत सर्वांत स्पष्टपणे मांडली ती जावा भाषेतील 'स्विंग' या घटकसंचाने. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावाच्या १.२ आवृत्तीत त्याचा समावेश झाला. बटन दाबले गेले की नाही, ते सक्रिय आहे की नाही, ही माहिती एका भागाकडे आणि ते दिसावे कसे हे दुसऱ्या भागाकडे, अशी ही विभागणी होती. त्यामुळे हा दुसरा भाग बदलला की तोच प्रोग्रॅम विंडोजसारखा, युनिक्सवरील मोटिफसारखा किंवा जावाच्या स्वतःच्या 'मेटल' शैलीसारखा दिसू लागे. कामाच्या ओळींना हात लावावा लागत नसे.

हौस ते उद्योग

सामान्य वापरकर्त्याची हौस याआधीच सुरू झाली होती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तयार रंगसंगती निवडता येत. त्यातली लाल-पिवळ्या भडक रंगांची 'हॉट डॉग स्टँड' आजही विनोदाचा विषय आहे. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'प्लस' या पुरवणी संचाने पडद्याचे चित्र, बाण, चिन्हे व आवाज एकत्र बदलणाऱ्या थीम आणल्या.

खरी लाट आली ती विनॅम्पमुळे. १९९७ साली निघालेल्या या संगीतवादकाला पुढे 'स्किन' चढवण्याची सोय झाली. स्किन म्हणजे काही चित्रांच्या फाइलींची नाव बदललेली एक झिप फाइल. त्यात वादकाच्या सर्व बटनांची साधी व दाबलेली चित्रे ठरावीक जागी काढलेली असत. प्रोग्रॅमिंगचे अक्षरही न शिकलेला, पण चित्रकलेची जाण असलेला कोणीही स्किन बनवू शकत असे. अशा हजारो स्किन आज इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात जतन आहेत. मात्र चित्रांवर बेतलेल्या या पद्धतीची मर्यादाही तिथेच दिसते. विनॅम्पची मुख्य विंडो २७५ पिक्सेल रुंद व ११६ पिक्सेल उंच होती. त्या काळच्या पडद्यावर ती नेमकी शोभे. ३८४० पिक्सेल रुंदीच्या आजच्या पडद्यावर मूळ मापात ती जेमतेम चौदावा भाग व्यापते आणि तिची बटने दिसेनाशी होतात.

चित्र सरसकट ताणले तर गोल कोपरे लंबगोल होतात. यावरचा उपाय म्हणजे चित्राचे नऊ तुकडे करणे. चार कोपरे जसेच्या तसे ठेवायचे, वरची व खालची कड फक्त आडवी ताणायची, डावी व उजवी कड फक्त उभी ताणायची आणि मधला भाग दोन्ही दिशांना. बटन कितीही रुंद झाले तरी त्याचे कोपरे बिघडत नाहीत. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या निळ्या, ऑलिव्ह हिरव्या आणि चंदेरी रूपांमागे चित्रे ताणण्याचे असेच तंत्र होते.

त्यानंतरचा टप्पा नियमावलीचा. वेबपानांसाठी १९९६ मध्ये मान्य झालेल्या सीएसएस या नियमभाषेचे अनुकरण डेस्कटॉप सॉफ्टवेअरनेही केले. क्यूट या घटकसंचाच्या ४.२ आवृत्तीत २००६ मध्ये अशी सोय आली, जीटीकेने २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती स्वीकारली. 'सर्व बटनांचे कोपरे ४ पिक्सेल गोल, पार्श्वभूमी गडद निळी, बाण वर आल्यास थोडी फिकी' असा नियम एकदा लिहिला की तो प्रोग्रॅमभर लागू होतो.

जितके खोल, तितकी जबाबदारी

रूपबदलाच्या या साऱ्या वाटा सारख्या नाहीत. सर्वांत उथळ पायरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे रंग बदलणे. त्यात धोका जवळपास नसतो. दुसरी पायरी थीम किंवा नियमावलीची. येथे प्रत्येक अवस्थेसाठी नियम लिहावा लागतो. दाबलेल्या अवस्थेचा नियम राहून गेला तर बटन दाबल्याचे कळतच नाही आणि वापरणारा ते पुन्हा पुन्हा दाबत राहतो. तिसरी पायरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने फक्त मोकळा चौकोन द्यावा आणि चित्र प्रोग्रॅमरने काढावे. चौथी आणि सर्वांत खोल पायरी म्हणजे बटन म्हणून काही मागायचेच नाही. कोऱ्या विंडोवर चित्र काढायचे आणि बाण त्या जागी आला की काय करायचे ते स्वतः ठरवायचे.

या चौथ्या पायरीवर डोळ्यांना सर्व काही उत्तम दिसते. पण माऊस न वापरणाऱ्याला काय दिसते? तयार बटनांच्या बाबतीत टॅब कळ दाबत गेले की रोख एकेका बटनावर सरकतो, भोवती बारीक रेघ उमटते आणि स्पेस कळ दाबून ते बटन चालवता येते. स्वतः रेखाटलेल्या बटनात ही रेघ कोणी काढली नाही तर ती नसतेच. हाताला कंप असलेल्या किंवा माऊस पकडू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी ते सॉफ्टवेअर बंद दार ठरते.

दृष्टिहीनांची अडचण याहून मोठी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर सहसा पडद्यावरचे चित्र पाहत नाही. 'तू कोण, तुझे नाव काय, तुझी अवस्था कोणती' असे प्रश्न ते प्रत्येक घटकाला ऑपरेटिंग सिस्टिममार्फत विचारते. तयार बटन उत्तर देते : 'बटन, जतन करा, निष्क्रिय'. कोऱ्या विंडोवर काढलेले चित्र काहीच उत्तर देत नाही. २००६ पासून विकसित होत असलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आज मराठीही बोलू शकतो. पण मुक्या बटनापुढे तोही मुकाच राहतो. कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या दृष्टिहीन लिपिकाला हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरता येणार की नाही, हे अनेकदा त्याच्या कौशल्यावर ठरत नाही. बटन कसे रेखाटले गेले त्यावर ठरते. उत्तरे देण्याची सोय प्रोग्रॅमरला स्वतःही करता येते, पण ती आठवणीने करावी लागते. भारतात २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचा समावेश आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

अंधुक दृष्टी असलेल्यांसाठी विंडोज ९५ पासून 'हाय कॉन्ट्रास्ट' ही सोय आहे. ती सुरू केली की सर्व घटक ठळक विरोधी रंगांत दिसतात. पण हे घडण्यासाठी सॉफ्टवेअरने रंग ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून वापरायला हवेत. पुष्कळदा अक्षरांचा रंग विचारून घेतला जातो आणि पार्श्वभूमी मात्र स्वतःच पांढरी ठरवलेली असते. मग काळ्या पडद्यासाठी ठरलेली पांढरी अक्षरे पांढऱ्या बटनावर उमटतात. म्हणजेच नाहीशी होतात. सुगम्यतेच्या २००८ च्या वेब मार्गदर्शक तत्त्वांनी सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतके रंगभेदाचे प्रमाण सांगितले आहे. पांढऱ्यावर काळ्याचे प्रमाण २१ : १ असते. फिक्या करड्यावर थोडे गडद करडे, ही आधुनिक वाटणारी रंगसंगती या कसोटीवर बहुधा नापास होते.

देवनागरीचे दुखणे

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्रजी अक्षरे मुख्यतः एका पट्ट्यात मावतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे भाग येतात. अक्षरांचा आकार तोच ठेवला तरी ओळीला उंची जास्त लागते. विंडोज एक्सपीच्या काळात ७५ पिक्सेल रुंद व २३ पिक्सेल उंच हे बटनाचे प्रचलित माप होते. इंग्रजीतील 'ओके'ची दोन अक्षरे त्यात आरामात बसत. तेथेच 'ठीक आहे' किंवा 'पूर्ववत करा' लिहायचे तर जागेची ओढाताण सुरू होते.

विंडोजवर देवनागरी रुळवणारा 'मंगल' हा टंक आर. के. जोशी यांनी घडवला. विंडोज ८ पासून भारतीय लिप्यांसाठी 'निर्मला यूआय' आला. परंतु टंक कितीही चांगला असला तरी बटनाची उंची इंग्रजी अक्षरे पाहून कायमची ठरवलेली असेल तर वरचा अनुस्वार कापला जातो आणि 'बंद करा'चे 'बद करा' होते. खालचा उकार कापला की 'पुढे'चे 'पढे'. दोष भाषेचा नसतो, भाषांतरकाराचाही नसतो. अक्षरांना विचारून उंची ठरवण्याऐवजी उंची ठरवून अक्षरे कोंबली गेलेली असतात.

अधिकार कोणाचा?

मग रूप ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नावर संगणकविश्वात आजही एकमत नाही. एक्सपीमध्ये मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असलेल्याच थीम चालत. हौशी मंडळी त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ फाइल बदलण्याचा धोका पत्करत. लिनक्सच्या जगात याच्या नेमका उलट वाद झाला. तेथे थीम बदलण्याची मुभा पूर्वापार आहे. पण मे २०१९ मध्ये जीनोम या डेस्कटॉपसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनेकांनी खुले पत्र काढून लिनक्स वितरकांना विनंती केली, की आमच्या सॉफ्टवेअरवर तुमच्या थीम परस्पर लादू नका. बाहेरून चढवलेल्या नियमांमुळे अक्षरे दिसेनाशी होतात, चिन्हांचा अर्थ बदलतो आणि तक्रारी मात्र मूळ निर्मात्याकडे येतात, असे त्यांचे म्हणणे होते. वापरणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर हौसेने केलेल्या बदलांना त्यांचा आक्षेप नव्हता.

हा भेद महत्त्वाचा आहे. स्वतःसाठी केलेल्या बदलाचे परिणाम माणूस स्वतः भोगतो आणि नको वाटल्यास तो बदल मागे घेतो. इतरांसाठी केलेल्या बदलात ही सोय नसते. कार्यालय, पतपेढी, ग्रंथालय किंवा शाळा यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवून घेताना त्याचे रूप पाहून पसंती दिली जाते. त्या वेळी चार साध्या चाचण्या अवश्य कराव्यात. माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब, स्पेस व एंटर या कळांनी एक संपूर्ण काम करून पाहावे. विंडोजमध्ये डावीकडची ऑल्ट व शिफ्ट कळ दाबून धरून प्रिंट स्क्रीन कळ दाबावी आणि हाय कॉन्ट्रास्टमध्ये सर्व अक्षरे दिसतात का ते तपासावे. अक्षरांचा आकार दीडपट करून मराठी बटनांवरचे अनुस्वार व उकार शाबूत आहेत का ते पाहावे. शेवटी स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून, बटने आपली नावे सांगतात का ते ऐकावे.

या चाचण्यांना अर्धा तासही लागत नाही. त्यांत उत्तीर्ण होणारे बटन निळे आहे की करडे, चौकोनी की गोल, हा मग ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग उरतो.