मुक्त पतनाच्या उदाहरणातील ऋण उत्तर

पदार्थविज्ञानाचा अभ्यास नुकताच सुरू केलेल्या विद्यार्थ्याला मुक्त पतनाची सूत्रे बहुधा पाठ असतात. अडते ते उदाहरण मांडताना. नमुन्यादाखल एक उदाहरण घ्यावे. २४.५ मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या कडेवरून एक दगड सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो पायथ्याशी केव्हा पडेल? हवेचा रोध उपेक्षणीय मानावा.

पुष्कळ विद्यार्थी या प्रवासाचे तुकडे पाडतात. दगड २ सेकंदांत १९.६ मीटर वर चढतो, तेथून ४४.१ मीटर खाली येण्यास त्याला ३ सेकंद लागतात. एकूण ५ सेकंद. उत्तर बरोबर आहे. परंतु या पद्धतीआड पुष्कळदा एक समजूत दडलेली असते, ती अशी की चढण्याची गती निराळी, उतरण्याची निराळी, आणि शिखरावर त्वरण शून्य. ही समजूत सर्वस्वी चुकीची होय. शिखरावर शून्य होतो तो वेग, त्वरण नव्हे. तेथे त्वरणही नाहीसे होऊन तसेच राहते, तर वेग बदलण्यास कारणच उरले नसते आणि दगड अधांतरी लटकून राहिला असता. हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत त्वरण एकच असते: अधोमुख, वेगात दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका फरक पाडणारे.

त्वरण एकच, म्हणून समीकरणही एकच पुरते. मनोऱ्याचा माथा हा आदिबिंदू व वरची दिशा धन ठरविली की आरंभीचा वेग धन, त्वरण ऋण आणि पायथ्यापर्यंतचे विस्थापनही ऋण. (दिशा उलट ठरविली तरी चालते, मध्येच बदलली की मात्र सारे बिघडते.) काल ‘क’ सेकंद मानल्यास,

−२४.५ = १९.६ क − ४.९ क²

४.९ ने भागून पदे एका बाजूस घेतली असता क² − ४क − ५ = ०, म्हणजेच (क − ५)(क + १) = ०. काल ५ सेकंद, अथवा उणे १ सेकंद.

दुसरे उत्तर ‘अशक्य’ असा शेरा मारून खोडण्याची रीत आहे. विचारलेल्या प्रश्नापुरते ते खोडणे योग्यच. पण ते निरर्थक नव्हे. समीकरणाला फेकणारा हात ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असते ते इतकेच की, आरंभीच्या क्षणी दगड माथ्यापाशी होता आणि त्याचा वेग १९.६ होता. हाच दगड १ सेकंद आधी पायथ्यावरून २९.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने वर फेकला असता, तरी त्या क्षणी तो नेमका तेथेच आणि त्याच वेगाने असता: २९.४ मधून ४.९ वजा केले की २४.५ ही उंची मिळते, आणि ९.८ वजा केले की १९.६ हा वेग. पाच सेकंदांनी जमिनीवर आदळतानाचा वेगही २९.४ च, दिशा मात्र अधोमुख. दोन्ही मुळांच्या बरोबर मध्ये २ सेकंद येतात, आणि तोच शिखराचा क्षण.

हा वेग ताशी सुमारे १०६ किलोमीटर भरतो. जड दगडाच्या बाबतीत हवेच्या रोधाने थोडाच फरक पडेल. बॅडमिंटनच्या फुलासाठी हे समीकरण वापरणेच व्यर्थ. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व पीस एकदम सोडले आणि दोन्ही एकदमच खाली टेकले, ते तेथे हवा नसल्यामुळे. समीकरण तेच होते, केवळ ९.८ च्या जागी सुमारे १.६.