‘तिलावा’ची चांदी

बुडालेली बोट म्हटलं की मराठी माणसाला पहिली आठवते ती ‘रामदास’. जुलै १९४७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट वाटेतच उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून आणि अलिबागकडच्या गावांतून तिच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. पण तिच्या आधी पाच वर्षं याच बंदरातून निघालेली आणखी एक बोट बुडाली, २८० माणसं घेऊन. तिचं नाव विचारलं तर शंभरात एखाद्यालाही सांगता येणार नाही. अलीकडे ते नाव पुन्हा ऐकू आलं ते त्या माणसांमुळे नव्हे, तर बोटीत असलेल्या साठ टन चांदीमुळे. ही चांदी समुद्राच्या तळातून वर आली आणि तिच्यावरून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं.

बोटीचं नाव ‘तिलावा’. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांची. वास्कोचा शोध वगैरे मोठमोठ्या गोष्टी आपण शाळेत शिकतो, पण मुंबई आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा यांना खऱ्या अर्थानं जोडून ठेवलं ते असल्या बोटींनी. व्यापारासाठी, दुकानात नोकरीसाठी, लग्न करून नवऱ्याकडे जाण्यासाठी लोक या बोटीनं मोंबासाला, दरबानला जात. त्यांत गुजराती मंडळी सर्वांत जास्त. तिसऱ्या वर्गाचे उतारू डेकवर वळकटी पसरून, डबे उघडून प्रवास करायचे. आपल्या कोकण बोटीसारखंच, फक्त दिवस जास्त.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ मुंबईहून निघाली. मोंबासा, लोरेन्सो मार्क्स म्हणजे आजचं मापुतो, आणि शेवटी दरबान असा तिचा मार्ग. बोटीवर ७३२ उतारू, २२२ कर्मचारी, चार तोफची आणि सहा हजार टनांहून अधिक माल. युद्धाचे दिवस होते, पण तिच्यासोबत संरक्षणाला दुसरी बोट नव्हती. तीन दिवसांनी, २३ नोव्हेंबरला पहाटेच्या काळोखात, जपानी पाणबुडी ‘आय-२९’ हिनं सोडलेला पाणतीर तिच्यावर आदळला. एवढ्यानं बोट लगेच बुडाली नाही. घबराट मात्र अशी उडाली की होड्या खाली सोडताना जो गोंधळ झाला त्यातच कित्येक जण समुद्रात पडले. काही वेळानं दुसरा पाणतीर आला आणि बोट गेली.

वाचलेले लोक होड्यांत, तराफ्यांवर दोन दिवस तरंगत राहिले. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेनं त्यांच्यातल्या बहुतेकांना उचललं आणि २७ ला मुंबईत आणून सोडलं. एकूण ६७८ वाचले. आठवडाभरापूर्वी ज्यांना नातेवाइकांनी हात हलवून निरोप दिला होता, ते अंगावरच्या कपड्यानिशी परत आले. किंवा आलेच नाहीत.

जाता जाता त्या पाणबुडीविषयी एक सांगायलाच हवं. पुढे पाचच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून मादागास्करजवळ आले आणि भर समुद्रात दुसऱ्या पाणबुडीत गेले, ही हकीकत आपण अभिमानानं वाचतो. त्यांना सुमात्राच्या साबांग बंदरात पोचवणारी ती दुसरी पाणबुडी म्हणजे हीच ‘आय-२९’. १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीनं तिलाही बुडवलं.

आता चांदीकडे येऊ. ‘तिलावा’च्या पोटात चांदीच्या २,३६४ विटा होत्या, सरासरी पंचवीस किलोची एक. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं त्या आपल्या टांकसाळीत नाणी पाडण्यासाठी विकत घेतल्या होत्या. त्या काळात चांदी म्हणजे चलन होतं, आणि युद्धात चलनाची ओढाताण सगळीकडेच होती. आपल्याकडे १९४० साली रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली, ती याच ओढाताणीत. नाण्यांची टंचाई म्हणून एक रुपयाच्या नोटा निघाल्या. शुद्ध चांदीचे जुने रुपये घराघरांतून गाडग्यांत, हंड्यांत गेले. ज्यांच्या आजीनं असा कलदार जपून ठेवला असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

‘तिलावा’ बुडाली ते ठिकाण अरबी समुद्राच्या पलीकडे, सेशेल्सच्या ईशान्येला दीड हजार किलोमीटरवर आहे. खोली सुमारे अडीच किलोमीटर. हा आकडा कानाला साधा वाटतो, म्हणून तो वरळीच्या किनाऱ्यावर आणून पाहू. सी-फेसच्या कठड्यावर बसून समोर जो समुद्र दिसतो तो आपल्याला अथांग वाटतो. प्रत्यक्षात तो उथळ आहे. मुंबईसमोर जमिनीचा जो सपाट भाग पाण्याखाली पसरला आहे तो थेट तीनशे किलोमीटर आत जातो, आणि तिथवर खोली शंभर-दोनशे मीटरच्या पुढे सहसा जात नाही. वरळी कोळीवाड्यातल्या होड्यांची जाळी पडतात ती या सपाटीवर. तो कडा ओलांडला की समुद्र एकदम खोल होतो. आता आपल्या सी-लिंकचा उंच मनोरा डोळ्यांसमोर आणा, ज्याला केबल बांधल्या आहेत तो. त्याची उंची सव्वाशे मीटर. असे वीस मनोरे एकावर एक उभे केले तर ‘तिलावा’पासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचतील.

तिथे सूर्यप्रकाश नाही. पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर अडीचशे किलोच्या आसपास, म्हणजे अंगठ्याच्या नखावर तीन-चार माणसं उभी राहावीत तसा. पाणबुड्यांचं काम, कितीही साधनं दिली तरी, काही शे मीटरवरच थांबतं. त्यामुळे ही चांदी कुणाच्या हाताला लागणं शक्यच नव्हतं, आणि म्हणूनच पन्नास-साठ वर्षं तिच्यावरून भांडणही नव्हतं. भांडण सुरू झालं ते यंत्रं आल्यावर.

आधी बोट शोधायची. पाण्यात रेडिओलहरी जवळपास चालतच नाहीत, आवाज मात्र उत्तम चालतो, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगानं. म्हणून आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं सोनार यंत्र काही किलोमीटर लांब केबलला बांधून तळाच्या जवळून ओढत नेतात. आपण अंधाऱ्या खोलीत हात फिरवत चष्मा शोधतो, तसंच. दिवसचे दिवस समुद्र पट्ट्यापट्ट्यांनी असा चाचपायचा. १९४२ साली बुडत्या बोटीनं कळवलेली जागा थोडी जरी चुकीची असली तरी शोधायचा टापू शेकडो चौरस किलोमीटरनी वाढतो. पडद्यावर लांबट सावली दिसली की मग रोबो खाली सोडतात. हा रोबो छोट्या टेंपोएवढा असतो, त्याला दिवे, कॅमेरे आणि दोन यांत्रिक हात असतात. वीज आणि आज्ञा वरून जाड केबलमधून जातात. वर जहाजात बसलेला माणूस पडद्याकडे पाहत, दांडा हलवत, अडीच किलोमीटर खालचा पत्रा कापतो.

वरच्या जहाजाचं काम तर अधिकच अवघड. एवढ्या खोलीवर नांगर टाकता येत नाही. मग उपग्रहाकडून आपली जागा सतत तपासत, तळाशी बसवलेले पंखे हवे तेवढेच फिरवत, लाटा आणि वारा असतानाही जहाजाला एका ठिकाणी खिळवून ठेवायचं. जहाज सरकलं तर केबलही ओढली जाणार. असल्या जहाजाचं एका दिवसाचं भाडंच डोळे पांढरे करणारं असतं. त्यामुळे बुडालेली प्रत्येक बोट कुणी शोधत नाही. जिच्यात खर्च भरून निघेल एवढा माल आहे, तीच शोधली जाते. ‘तिलावा’ अशी होती. ‘अर्जेंटम एक्स्प्लोरेशन’ या ब्रिटिश कंपनीनं २०१७ साली तिच्यातल्या सगळ्या २,३६४ विटा वर काढल्या आणि गुपचूप इंग्लंडला साउदम्प्टनला नेल्या. किंमत चार कोटी डॉलरच्या वर.

‘सापडलं त्याचं’ हा आपल्या लहानपणीचा कायदा समुद्रात लागू नाही. बोट बुडाली म्हणून मालाची मालकी बुडत नाही. काढणाऱ्याला मालकाकडून मोबदला मिळतो, त्याला दर्यावर्दी भाषेत ‘साल्व्हेज’ म्हणतात. तत्त्व चांगलं आहे: दुसऱ्याचा माल वाचवायला कुणी जीव धोक्यात घालावा, तर त्याला त्यातून काही मिळालं पाहिजे. पण मालकानं सांगितलेलंच नसताना, त्याला न विचारता, पंचाहत्तर वर्षांनी माल काढला तर? आणि मालक एखादं सरकार असेल तर?

अर्जेंटमनं मोबदला मागितला आणि दक्षिण आफ्रिकेनं पवित्रा घेतला की चांदी आमची आहे, आणि परक्या देशाच्या मालमत्तेवर ब्रिटनच्या कोर्टात असा दावा चालत नाही. ब्रिटनच्या १९७८च्या कायद्यात याला एक अपवाद आहे: बोट आणि माल दोन्ही व्यापारी ‘वापरात’ असतील तर दावा चालतो. मग सगळा खल एका शब्दावर आला. १९४२ साली ‘तिलावा’च्या तळघरात पडून असलेली चांदी ‘वापरात’ होती का? कंपनी म्हणाली, व्यापारी बोटीतून भाडं भरून चाललेला माल, मग व्यापारी वापर नाही तर काय? खालचं कोर्ट २०२० मध्ये कंपनीच्या बाजूनं गेलं. २०२२ मध्ये अपील कोर्टानंही तेच म्हटलं, पण तीनपैकी एका न्यायाधीशाचं मत विरुद्ध पडलं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र एकमतानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल दिला. बोट वापरात होती हे खरं, पण तिच्यातून वाहून नेला जाणारा माल नुसता पडून होता, त्याचा कुणी काही वापर करत नव्हतं, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हे पटतं. आपण पोस्टानं पाठवलेली साडी वाटेत असते तेव्हा ती कुणी नेसत नाही. गंमत म्हणजे निकाल येण्याच्या आधीच दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली होती. तरीही प्रश्न महत्त्वाचा म्हणून न्यायालयानं निकाल दिलाच.

सरळ मार्गानंही हे करता येतं. ‘तिलावा’च्याच कंपनीची ‘गेरसोप्पा’ ही बोट, जोगच्या धबधब्याजवळच्या गेरसोप्प्याचं नाव घेतलेली, कलकत्त्याहून चांदी घेऊन निघाली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडजवळ बुडवली गेली. एकच माणूस वाचला. तिची चांदी २०१२ आणि २०१३ मध्ये ४,७०० मीटरवरून काढली ती ब्रिटिश सरकारशी आधी करार करूनच. मुंबईहूनच ऑक्टोबर १९४२ मध्ये निघालेल्या ‘सिटी ऑफ कैरो’चंही तसंच. लंडनसाठी चाललेल्या चांदीच्या रुपयांच्या दोन हजार पेट्या तिच्यात होत्या. दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीनं तिला बुडवलं, शंभरावर माणसं गेली. ५,१५० मीटर खोलीवरून तिच्यातले रुपये वर आले, आणि ते वितळवून विकले गेले. काढणाऱ्यांनी परत निघताना तळाशी एक स्मरणफलक ठेवला.

‘तिलावा’च्या वेळी उतारूंच्या वारसांना कुणी काही विचारलं नाही. विचारायचं बंधनही नव्हतं. साठ टन चांदीला मालक होता, त्याला वकील होते, कायद्याची कलमं होती. २८० माणसांसाठी असं कलम नव्हतं. सैनिकांच्या बुडालेल्या नौकांना काही देशांत युद्धस्मारकाचा दर्जा मिळतो. डेकवरच्या उतारूंना तो कोण देणार? युनेस्कोच्या २००१च्या करारात पाण्याखालचा वारसा म्हणून मोजण्यासाठी शंभर वर्षांची अट आहे. ‘तिलावा’ ती २०४२ मध्ये पुरी करील.

चांदीच्या बातम्यांमुळे एक गोष्ट मात्र झाली. ब्रिटन, आफ्रिका, भारत असे विखुरलेले वारस एकमेकांना शोधू लागले, आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, बोट बुडाल्याला ८० वर्षं झाली तेव्हा, मुंबईत त्यांचा पहिला स्मरणसमारंभ झाला. ते अजून नावं आणि आठवणी गोळा करताहेत. गेलेल्यांत २८ कर्मचारी होते. त्या काळी ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे खलाशी मोठ्या संख्येनं असत. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या हजारो हिंदी खलाशांच्या नावांची नोंदवही जपून ठेवली आहे. कुणाच्या घरात १९४२ साली आफ्रिकेच्या बोटीवर गेलेल्या आजोबांची, चुलत्यांची गोष्ट सांगितली जात असेल, तर त्यांनी तिथे जाऊन ते नाव अवश्य पाहावं.