आधी नोंद वाचायची, मग हात लावायचा

वेबसाइट बंद पडली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळं गेलं का?" छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत एका छोट्या कार्यालयात वेबसाइट दुरुस्त करणाऱ्या तरुणाशेजारी बसून मी त्याचं काम पाहत होतो, तेव्हाही फोनवरून हेच विचारलं गेलं. हिमरू शाली आणि पैठण्या विकणारं दुकान, अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांचा हंगाम, आणि पडद्यावर गंभीर त्रुटी आल्याची एवढी एकच ओळ. मालकांनाही लॉगिन होईना.

"काका, काही गेलेलं नाही. आता कशालाही हात लावू नका. शेवटचा बदल काय केला तेवढं सांगा."

सकाळी एक प्लगइन अपडेट केलं होतं.

ही साइट वर्डप्रेसवर होती. 2003 साली आलेल्या या मोफत प्रणालीवर आज जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट चालतात. तिला जोडलेली प्लगइन, म्हणजे जादा सोयींचे छोटे प्रोग्राम, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात, पण पान उघडताना सगळी एकत्रच चालतात. त्यामुळे एकात घातक चूक निघाली की काम तिथेच थांबतं. लॉगिनचं पान उघडण्याआधीही प्लगइन चालतातच, म्हणून मालकालाही आत जाता येत नाही. मालाची यादी आणि ऑर्डरी मात्र डेटाबेसमध्ये जशाच्या तशा असतात.

2019 च्या 5.2 आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस स्वतःच ईमेल पाठवतं. त्यातल्या दुव्यावरून आत गेलं की बिघडलेलं प्लगइन त्या सत्रापुरतं थांबलेलं असतं. इथे मात्र तो ईमेल साइट बनवून देणाऱ्या जुन्या माणसाच्या पत्त्यावर गेला होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

मग मागच्या दाराने जायचं ठरलं. तरुणाने होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फाइल मॅनेजर उघडला. पहिल्यांदा सगळ्या फाइलींची आणि डेटाबेसची प्रत काढली. नंतर एरर लॉग उघडून शेवटची नोंद वाचली. कोणत्या प्लगइनच्या कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर काम अडलं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. वर्डप्रेस पीएचपी या भाषेवर चालतं; प्लगइनच्या नव्या आवृत्तीतला कोड पीएचपी 8 साठी लिहिलेला होता आणि सर्व्हरवर पीएचपी 7.4 होतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती क्षणाची होती. 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधल्या 'प्लगइन्स' फोल्डरात जाऊन त्याने त्या एका प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं. जुन्या नावाने फोल्डर सापडत नाही म्हटल्यावर वर्डप्रेस ते प्लगइन सोडून देतं आणि बाकीची साइट उघडते. फोल्डर पुसून का टाकलं नाही, असं मी विचारलं. "नाव परत बदलता येतं. पुसलेलं परत आणायला बॅकअप शोधावा लागतो," तो म्हणाला. लॉगिन झाल्यावर त्याने प्लगइनची आधीची आवृत्ती बसवली आणि पीएचपी बदलण्याची चाचणी साइटच्या वेगळ्या प्रतीवर घ्यायचं ठरवलं.

मोठ्या यंत्रणांनाही हाच क्रम लागतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्या देशातही काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेव्हाही अनेक संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक सदोष फाइल काढावी लागली.

या दुकानाच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला तो होस्टिंगचा पासवर्ड मिळवण्यात. डोमेन, होस्टिंग, अ‍ॅडमिनचा ईमेल, यांतलं काहीच दुकानाच्या नावावर नव्हतं. आपल्याकडे अनेक छोटे व्यावसायिक साइट बनवून घेतात, पैसे देतात आणि किल्ल्या दुसऱ्याच्याच खिशात ठेवतात. प्लगइन कधी ना कधी बिघडणारच, त्याची भीती नको. पण तुमची वेबसाइट असेल तर आजच तीन गोष्टी तपासा: अ‍ॅडमिनचा ईमेल तुमचा आहे का, होस्टिंगचा आणि डोमेनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का, आणि अपडेटआधी बॅकअप घेतला जातो का. यातलं एक जरी 'नाही' निघालं, तर पुढचं अपडेट करण्याआधी ते मार्गी लावा.