जुन्या घरात फ्रीजला हात लावल्यावर मुंग्या येतात?

मी वायरिंगची कामं करतो. गेल्या आठवड्यात मालवणात एका कौलारू घरी गेलो होतो. आजी म्हणाल्या, "फ्रीज उघडताना मुंग्या येतात, म्हणून पाटावर उभी राहते."

कारण परसात सापडलं. अर्थिंगची लोखंडी तार गंजून तुटली होती.

खाऱ्या, दमट हवेत तारांचे जोड आणि स्क्रू लवकर गंजतात. गंजलेल्या जोडातून करंट नीट जात नाही, जोड तापतो आणि आग लागू शकते.

बऱ्याच जणांना वाटतं, एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही. पण एमसीबी पडतो तो जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर. माणसाचा जीव वाचवायला करंट गळताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते.

जुन्या घरात हे करून घ्या:

🔹 पावसाळ्याआधी अर्थिंग तपासा. नवीन करताना तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या.

🔹 लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग बदला. तांब्याची वायर: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिमी.

🔹 पडवीत, पंपाजवळ पाणी न शिरणारे प्लास्टिकचे बॉक्स लावा.

🔹 आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबा. पडली नाही तर लगेच बदला.

फ्यूजमध्ये जाड तार कधीच घालू नका. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

तुमच्या घरी आरसीसीबी आहे का? काही शंका असतील तर खाली विचारा.