दगडफूल आणि पॅरिसची हवा

मसाल्याच्या डब्यातील दगडफूल हे फूल नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक असते. ते नेमके काय आहे, हे मात्र थोड्यांनाच सांगता येईल. शास्त्रज्ञ ज्याला शैवाक म्हणतात, ती बुरशी आणि शैवल यांची एकत्र वस्ती होय. तिला मुळे नाहीत, पानांवर असते तसे मेणचट आवरणही नाही. पाऊस, धुके आणि हवा यांतून जे येईल ते, विषासकट, तिला शोषून घ्यावे लागते. या असहायतेचा उपयोग हवेच्या परीक्षेसाठी करता येईल, हे स्पष्टपणे मांडण्याचा मान विल्यम नायलँडर यांच्याकडे जातो.

नायलँडर यांचा जन्म १८२२ साली फिनलंडमधील उलू येथे झाला. शिक्षण वैद्यकाचे, परंतु पुढे ते हेलसिंकी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १८६३ मध्ये ते पद सोडून ते पॅरिसला गेले, ते कायमचेच. आयोडीन, पोटॅश वा विरंजक चूर्ण यांच्या द्रावणाचा थेंब टाकावयाचा आणि पालटणाऱ्या रंगावरून जात ओळखावयाची, ही त्यांनी रूढ केलेली रीत आजही प्रचारात आहे.

१८६६ साली त्यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांची यादी प्रसिद्ध केली. शहरात अन्यत्र झाडांच्या साली उघड्याबोडक्या असताना या बागेत तीसेक जाती नांदत होत्या. कारखान्यांच्या धुराने शैवाक मरतात, असे इंग्लंडात लिओ ग्रिंडन यांनी १८५९ मध्येच लिहिले होते. नायलँडर एक पाऊल पुढे गेले: जेथे शैवाक टिकते तेथील हवा आरोग्याला मानवते, म्हणजे हे एक नाजूक मापकच आहे, असे त्यांनी म्हटले. त्यांच्यातला वैद्य येथे बोलला असावा. पुढे १८९६ मध्ये, याच बागेतून शैवाक नाहीसे झाल्याची नोंद करण्याची पाळीही त्यांच्यावरच आली.

या तीस वर्षांत पॅरिसने किती कोळसा जाळला, याचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत होता; हवेच्या नासाडीचा कोठेच नव्हता. धुराने समाजाचे होणारे नुकसान कारखानदाराच्या खर्चात धरले जात नाही, हा मुद्दा पिगू यांनी अर्थशास्त्रात ठळकपणे मांडला तो १९२० साली. तोवर ते नुकसान बागेतल्या झाडांच्या साली तेवढ्या दाखवीत होत्या.

एवढी अचूक नजर असलेल्या या माणसाने एका बाबतीत मात्र अखेरपर्यंत हट्ट सोडला नाही. शैवाक म्हणजे दोन जीवांची जोडी आहे, असे श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये सांगितले. नायलँडर यांनी ते कधीच मान्य केले नाही. स्वभाव भांडखोर, सहकाऱ्यांशी वितुष्ट. १८९९ मध्ये पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचा नमुनासंग्रह हेलसिंकीला आहे.

त्यांच्या कल्पनेला शास्त्रीय मोजपट्टीचे रूप यावयास शतक लोटले. हॉक्सवर्थ आणि रोज यांनी १९७० मध्ये खोडांवरील शैवाकांवरून हवेतील गंधक-डायऑक्साइडचे प्रमाण अजमावणारी श्रेणी ‘नेचर’मध्ये दिली. कोळशाचा धूर ओसरल्यावर लक्झेंबर्ग उद्यानातही शैवाक परतल्याचे १९९१ मध्ये नोंदले गेले. मात्र युरोपातील शहरांत आता जोमाने पसरतात त्या मुख्यतः नायट्रोजनयुक्त प्रदूषण सोसणाऱ्या जाती. त्या नायट्रोजनाचा मोठा वाटा मोटारींच्या धुरातून येतो.