चाकातला भुंगा

पहिला संशय नारळांवर गेला. डिकीत चौलच्या आमच्या वाडीतले ऐंशी नारळ होते आणि गाडीत कुठेतरी भुंगा घोंघावत होता. माडाला गेंड्या भुंगा लागतो हे वाडीवाल्याला सांगावं लागत नाही. "अगं, पोत्यातून आला असेल एखादा," हे म्हणाले. चेंबूरला बहिणीच्या दारात पोती रिकामी केली. भुंगा नव्हता. परत निघालो, गाडीने साठचा वेग घेतला आणि तो पुन्हा सुरू झाला.

मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आम्ही मुंबईला तिनेच जातो. गाडी खाली उभी करायची, वर जाऊन चहा प्यायचा, तासाभरात पलीकडे. धक्क्यातून बाहेर पडलं की लगेच ईस्टर्न फ्री वे. त्या गुळगुळीत रस्त्यावर काचा वर करून सलग पाच मिनिटं एका वेगाने गाडी चालवायची संधी मला कित्येक महिन्यांनी मिळत होती. आवाज काही त्या दिवशी जन्माला आला नव्हता. आमच्याकडे मिनिटाला एक गतिरोधक, दोन खड्डे आणि एक पर्यटक आडवा येतो. त्या खडखडाटात चाकाची कुरकुर कुणाला ऐकू येणार?

"रेडिओ लाव म्हणजे ऐकू येणार नाही," हा ह्यांचा उपाय. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे तो मला मानवला नाही. साठचा वेग तसाच ठेवून पाचव्या गिअरवरून चौथ्यावर आले. इंजिनाचा सूर चढला, भुंग्याचा चढला नाही. पुढे रस्ता मोकळा मिळाला, मागे कुणी नाही हे पाहिलं आणि क्षणभर न्यूट्रल केलं. (हे करताना किल्लीला हात लावायचा नाही. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.) इंजिन शांत झालं, भुंगा चालूच. गाडीचा वेग उतरू लागला तसा त्याचा सूरही उतरत गेला आणि चाळिसाच्या खाली तो विरला. म्हणजे इंजिन आणि पंखा निर्दोष. आवाज त्याचा, जो रस्त्याच्या वेगाने फिरतो.

आमच्या छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर पुढे जातं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. त्यात एका जागी खोट असेल तर सेकंदाला नऊ ठोके पडतील, आणि ते कानाला "धड-धड" असे सुटे ऐकू येतील. सलग "घूंऽऽ" ऐकू येतं याचा अर्थ एका फेऱ्यात पुष्कळ ठोके पडताहेत. असे ठोके देणाऱ्या जागा मुख्यतः दोन: टायरवरची नक्षी, नाहीतर बेअरिंगमधल्या गोळ्या.

एवढं कळूनही मी घाई केली. वाटेतल्या एका गॅरेजात गाडी घातली. तिथल्या माणसाने दोनशे मीटर चालवून पाहिली आणि सांगितलं, "पुढचं डावं बेअरिंग गेलंय." बदललं. साडेतीन हजार दिले. बाहेर पडले, साठ गाठले, घूंऽऽ.

त्याच्या कानाला मी पूर्ण दोष देणार नाही. चाकातली थरथर पत्र्यातून साऱ्या गाडीत पसरते, त्यामुळे मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा वाटणं अगदी नेहमीचं आहे. माझा राग वेगळा होता. त्याने एकच शक्यता पाहिली आणि पाना उचलला.

मग रेवदंडा रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे तिथे गेले. हा मुलगा प्रयोगवहीत आकृत्या सुरेख काढायचा आणि त्यांना नावं द्यायला विसरायचा. त्याने गाडीला हातही लावला नाही. आधी विचारलं, "बाई, पेणजवळ काँक्रीटवर आवाज कसा येतो, आणि डांबरावर कसा?"

मी आठवून पाहिलं. काँक्रीटवर तो पातळ आणि चढा व्हायचा, नव्या डांबरावर मऊ. "मग टायर," तो म्हणाला. बेअरिंगला रस्ता दिसत नाही. खाली काँक्रीट असो वा डांबर, त्याचा सूर तोच. रस्ता बदलल्याबरोबर आवाज बदलला तर तो रबराचा. मग त्याने मला मागच्या चाकापाशी बसवलं आणि टायरवरून तळहात फिरवायला सांगितलं, आधी पुढे, मग मागे. पुढे हात सुळकन गेला. मागे आणताना तळव्याला करवतीचे दाते लागले. डोळ्यांना टायर चांगला दिसत होता, नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी खोल होती. पण प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजून दुसरी उभी राहिली होती, आणि अधूनमधून वाटीसारखे खळगे पडले होते.

टायर तयार करणारे आवाजाची काळजी घेतात. नक्षीचे ठोकळे ते मुद्दाम लहानमोठे ठेवतात, म्हणजे ते रस्त्यावर समान अंतराने आपटत नाहीत आणि एकच एक सूर घुमत नाही. वेडीवाकडी झीज ही सगळी मेहनत वाया घालवते. करवतीचे दाते पडतात ते बिघडलेल्या अलाइनमेंटमुळे, हवा कमीजास्त ठेवल्यामुळे किंवा टायर वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्यामुळे. खळगे पडतात ते शॉकअप्सर थकल्यामुळे, कारण मग चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, टपटप उड्या मारत जातं. आमच्या गाडीत दोन्ही होतं. दर दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायचे असतात. मी ते कधी केलं नव्हतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आमच्या टायरवर २३१९ होते: २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर टणक होतं, टणक रबर जास्त बोलतं.

"मग टायर बदलूया?" मी विचारलं.

"नको बाई. आधी नुसते पुढचे मागे करू. बाकी कशाला हात लावायचा नाही. आवाज पुढे आला तर टायर, मागेच राहिला तर दुसरं काहीतरी." आणि हसून म्हणाला, "वेधशाळेत तुम्हीच सांगितलं होतं."

मला आठवेना, त्याला आठवत होतं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा पाहायला मी दरवर्षी मुलांना न्यायची. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाजूक मोजमापं त्या विजेने बिघडतील म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला आणली. इमारत लोखंड टाळून बांधली. प्रमुख होते नानाभाई मूस. त्यांनी जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जागा बदलल्याने किती फरक पडतो ते नेमकं कळावं. एका वेळी एकच गोष्ट बदला, असं मी तिथे मुलांना सांगत असे म्हणे. साडेतीन हजार देताना ते मलाच आठवलं नव्हतं.

टायर अदलाबदल करून मी वडखळपर्यंत जाऊन आले. भुंगा पुढे आला होता, चांगला मोठ्याने. टायर सिद्ध झाला. पण मागे काहीतरी उरलंच होतं. खालच्या सप्तकातलं, जाडसर, इतके दिवस टायरच्या आवाजाखाली दडलेलं. ह्या आवाजाला काँक्रीट-डांबराचं सोयरसुतक नव्हतं. कार्लेखिंडीच्या वळणांवर मात्र तो बदलत होता: डावं वळण आलं की फुगायचा, उजव्या वळणावर जवळजवळ गप्प.

डाव्या वळणावर गाडीचं वजन उजवीकडे झुकतं, एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला हे ठाऊक आहे. उजव्या चाकाच्या बेअरिंगवर भार वाढतो आणि ते दुखणं बोलून दाखवतं. म्हणजे बेअरिंग उजवीकडचं, आणि आवाज मागून.

गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली. त्याने एका हाताने उजवं मागचं चाक फिरवलं आणि माझा हात त्याच्या वरच्या स्प्रिंगवर ठेवला. जात्यात भरड दळताना खुंट्याला जी खरखर जाणवते, ती बोटांना लागली. डावं चाक फिरवलं, स्प्रिंग थंड आणि मुकी. मग वर-खाली धरून चाक हलवून पाहिलं. खेळ नव्हता. वर-खाली खेळ आला असता तर बेअरिंग शेवटच्या घटका मोजतंय असं समजायचं. पुढच्या चाकात फक्त आडवा खेळ असेल तर दोष बहुधा स्टिअरिंगच्या सांध्यांत असतो.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीच्या आसाला वंगण घालायची नळी जूखाली लटकलेली असे. वंगण संपलं की गाडी वेशीबाहेरून ओरडत यायची. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसात लोखंडी गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं, तिथे घासण्याच्या जागी घरंगळणं आलं. आजच्या गाडीत दोन पोलादी कड्यांमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा, त्यात ग्रीस आणि बाहेर रबरी सील असं बंद डबीसारखं बेअरिंग असतं. कड्याच्या पृष्ठभागाचा बारीकसा टवका उडाला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठेचकाळते. एका फेऱ्यात कितीतरी ठेचा, सेकंदाला नऊ फेरे. हाच तो जाडसर घूं.

टवका का उडतो? वय, खड्डे, आणि आमच्याकडे खारं पाणी. आदल्या जुलैत उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि मी त्यातून गाडी काढली होती, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत. चालून तापलेलं बेअरिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पातळ होतं, मीठ पोलाद खातं. आवाज यायला पुढे काही महिने जातात, म्हणून कुणी त्याचा पाण्याशी संबंध लावत नाही.

नवं बेअरिंग बसवायला तो अलिबागला प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये गेला. हातोड्याने ठोकून बसवलं तर तो घाव गोळ्यांमार्फत कड्यावर उमटतो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच जखमी होतं. मागचे दोन शॉकअप्सर बदलले, चारही टायर नवे घातले, अलाइनमेंट केलं. आता ऐंशीलाही गाडीत बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

टायरचा घूं चार दिवस थांबू शकतो. बेअरिंगचा थांबू नये. त्यातही स्टिअरिंग थरथरू लागलं, एबीएसचा दिवा लागला किंवा थोडं चालवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं, तर गाडी महामार्गावर नेऊच नका.

आणि आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांना एक विनंती. काशीदला, नागावला दर शनिवारी कुणीतरी वाळूत गाडी घालतो, लाटेत चाकं बुडवून फोटो काढतो आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतो. ट्रॅक्टर गाडी बाहेर काढतो, बेअरिंगमधलं मीठ काढत नाही. गाडी रस्त्यावरच ठेवा, समुद्र तिथून चालत दोन मिनिटांवर आहे.